साध्या कामाला स्वस्त लॅपटॉप: कुठे भागतं, कुठे अडतं

वाचकाचं पत्र

माझं वय ५२. घरून तीन-चार छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. जुना लॅपटॉप सात वर्षं टिकला आणि गेल्या महिन्यात कायमचा बसला. बजेट बेताचं आहे. दोन लॅपटॉप पाहून ठेवलेत. पहिला सर्वांत स्वस्त, पातळ, दिसायला छान: ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. दुसऱ्याला थोडे जास्त पैसे पडतात: १५.६ इंची स्क्रीन, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर. दुकानदार म्हणतो, ‘डेली यूजला पहिलाही भरपूर झाला.’ भाचा म्हणतो, ‘मावशी, दोन्ही डबडी आहेत, वर्षभर थांब आणि चांगला घे.’ थांबणं शक्य नाही. संध्याकाळी कॉलेजातली मुलगीही तोच वापरणार. माझं काम साधंच आहे: हिशेबाचं सॉफ्टवेअर, एक्सेल, मेल, ब्राउझर, कधी व्हिडिओ कॉल. कुठला घेऊ?

उत्तर

ताई, नमस्कार.

पहिला घेऊ नका. दुकानदार कितीही गोड बोलला तरी नको. दुसरा चालेल, पण पैसे मोजण्याआधी त्याच्या रॅमबद्दल, म्हणजे उघडे प्रोग्राम ज्यात मावतात त्या मेमरीबद्दल, एक चौकशी करावी लागेल. ती कोणती ते पुढे सांगतो. भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि त्यातला खरा अर्धा भाग तुमच्या उपयोगाचा आहे.

आधी पहिल्याचा निकाल लावू. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने घातलेली किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशीच आहे. म्हणजे हा लॅपटॉप बरोब्बर पस्तीस मार्कांवर पास झालेला. ती अट विंडोज चालू व्हावं एवढ्यापुरती आहे, त्यावर कोणी दिवसभर बसून काम करेल हे तिच्यात धरलेलं नाही. शिवाय ही ६४ जीबी जागा बहुतेक वेळा ईएमएमसी प्रकारची असते. टॅबलेटमध्ये असते तशी, मदरबोर्डावरच डकवलेली चिप. ती काढून मोठी बसवता येत नाही आणि वेगातही एसएसडी या वेगवान स्टोरेजच्या पुष्कळ मागे. लिहिलेलं ६४ असलं तरी विंडोज ते साठच्या आतच दाखवतं. त्यातून विंडोज स्वतः आणि अपडेटसाठी त्याने राखून ठेवलेली जागा वजा करा, म्हणजे हातात काय उरतं ते कळेल.

असाच एक देखणा, हलका लॅपटॉप मी काही वर्षांपूर्वी प्रवासात लिहायला म्हणून घेतला होता. पहिले चार महिने मी त्याचं कौतुक करत होतो. मग एक मोठं अपडेट आलं आणि ‘जागा अपुरी’ म्हणून अडून बसलं. मी फोटो काढून टाकले, गाणी काढून टाकली, शेवटी वर्डसुद्धा काढलं, आणि पेन ड्राइव्ह जोडून कसंबसं ते अपडेट उरकलं. पुढचं मोठं अपडेट आलं तेव्हा तो लॅपटॉप मी कपाटात ठेवला. अजून तिथेच आहे.

तुमच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. या वर्गातले काही लॅपटॉप विंडोजच्या ‘एस मोड’मध्ये येतात. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालतात, बाहेरून आणलेलं सॉफ्टवेअर बसत नाही, ब्राउझरही एजच. हिशेबाचं सॉफ्टवेअर स्टोअरमध्ये नसेल तर पहिल्याच दिवशी काम अडेल. एस मोडमधून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण एकदा बाहेर पडलं की परत जाता येत नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही.

आता तुमच्या ‘साधंच’ या शब्दाबद्दल. काम साधं आहे, मान्य. पण ते करायला लागणारी यंत्रसामग्री गेल्या दहा-बारा वर्षांत साधी राहिलेली नाही. रोजच्या वापरातला सर्वांत खादाड प्रोग्राम कुठला, तर ब्राउझर. एक्सेलच्या फाइलला जेवढी मेमरी लागत नाही तेवढी एखादा मेलचा टॅब खाऊन बसतो, आणि आपण पंधरा टॅब उघडे ठेवून त्याला साधं काम म्हणतो. व्हिडिओ कॉल तर सरळ कष्टाचं काम आहे. तुमचं चित्र दाबून लहान करून पाठवायचं, समोरच्या चार जणांची चित्रं उलगडून दाखवायची, मागची भिंत धूसर करायची, आणि त्याच वेळी तुम्ही एक्सेल उघडून आकडे दाखवणार. लॅपटॉपचा कस लागतो तो इथे. दुकानात लॅपटॉप बघताना लोक स्टार्ट बटण दाबतात, एखादा व्हिडिओ लावतात आणि ‘फास्ट आहे’ म्हणतात. त्यावरून काहीच कळत नाही. शक्य असेल तर दहा टॅब उघडा, एक मोठी एक्सेल फाइल उघडा आणि भाच्याला व्हिडिओ कॉल लावा. कर्सर अडखळायला लागला तर तिथेच उत्तर मिळालं.

दुसरा लॅपटॉप या परीक्षेत पास होईल असं मला वाटतं. मात्र त्यावरचं ‘रायझन ५’ पाहून फार हुरळून जाऊ नका. नावातले आकडे वाचायची एक पद्धत आहे. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या त्या मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. ७५२०मधला २ म्हणजे झेन २, आणि ती रचना पहिल्यांदा आली २०१९मध्ये. प्रोसेसर बाजारात आणला २०२२मध्ये, नाव दिलं पुढच्या वर्षाचं, आतला गाभा मात्र त्याआधीचा. शेजारीच ठेवलेला ७५३०यू हाही रायझन ५च, पण तिथे तिसरा आकडा ३: झेन ३, चारऐवजी सहा कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग). एका आकड्याचा फरक, आणि दुकानातल्या पाटीवर दोघांची ओळख एकच. इंटेलकडेही हा खेळ आहे. आय३-एन३०५ आणि आय३-१२१५यू ही दोन्ही ‘आय३’. पहिल्यात आठच्या आठ कोअर लहान, वीज वाचवणारे. दुसऱ्यात दोन मोठे आणि चार लहान. रोजच्या कामात एका वेळी एखाद-दुसऱ्या कोअरवरच भार पडतो, त्यामुळे आठ लहानांपेक्षा हे दोन मोठे तुम्हाला जास्त जाणवतील. सेलेरॉन आणि पेंटियम ही लॅपटॉपवरची जुनी नावं इंटेलने २०२३पासून बंद करून नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’ असं ठेवलं. तेव्हा नावात ‘कोअर’ नसेल तर तो त्या घराण्यातला समजावा.

एवढं सगळं सांगून मी म्हणेन की प्रोसेसरची काळजी तुम्ही करू नका. ७५२०यू जुन्या गाभ्याचा असला तरी चार कोअर, आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) आहेत. हिशेब, मेल, ब्राउझर यांना ते पुरतात. काळजी करायची ती त्याच्या रॅमची.

हा प्रोसेसर ज्या प्रकारची मेमरी वापरतो, ती एलपीडीडीआर५, बोर्डावर डकवलेलीच येते. तिला स्लॉट, म्हणजे रॅमची पट्टी बसवायची खाच, नसतो. आज ८ जीबी घेतली तर लॅपटॉप मोडीत जाईपर्यंत ८ जीबीच. आणि ती ८सुद्धा पूर्ण तुमची नसते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे पडद्यावरचं चित्र रंगवायला त्यातलाच एक हिस्सा बाजूला काढला जातो. उरलेल्यात विंडोज, अँटीव्हायरस, ब्राउझर. आज भागेल. चार-पाच वर्षांनी भागेल याची मी हमी देणार नाही, आणि तुम्ही तर लॅपटॉप सात वर्षं वापरणाऱ्या.

म्हणून ती चौकशी अशी: हेच मॉडेल १६ जीबीत मिळतं का? मिळत असेल आणि फरक झेपत असेल तर तेच घ्या. एसएसडी ५१२ऐवजी २५६ची घेऊन पैसे सुटत असले तरी चालेल, कारण एसएसडी बहुतेक लॅपटॉपमध्ये पुढे बदलता येते. १६ जीबी मिळत नसेल तर त्याच किमतीच्या आसपास रॅमचा निदान एक स्लॉट मोकळा असलेला दुसरा लॅपटॉप शोधा. ७५३०यू किंवा १२१५यूवाल्यांमध्ये असे सापडतात, पण सगळ्यांत स्लॉट असतोच असं नाही. तेव्हा मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या त्या किचकट अक्षरांसकट, लिहून आणा आणि कंपनीच्या साइटवर पाहा. एकाच नावाखाली पाच-सहा पोटप्रकार विकले जातात आणि फरक नेमका त्या शेपटीत असतो.

स्वस्त लॅपटॉपकडे मी असाच बघतो. जे नंतर बदलता येतं, त्यात आज कंजुषी केली तरी चालते. एसएसडी, बॅटरी, माउस, काही वेळा रॅम. जे बदलता येत नाही तिथे मात्र हात आखडू नये. डकवलेली रॅम झाली, प्रोसेसर झाला. पण त्याहून जास्त त्रास देणाऱ्या दोन गोष्टींबद्दल तुमच्या भाच्यानेही काही म्हटलेलं दिसत नाही. पडदा आणि बिजागऱ्या.

बेताच्या लॅपटॉपमध्ये कंपनीने हात आखडलेला पहिल्यांदा दिसतो तो पडद्यावर. अजूनही काहींना १३६६ बाय ७६८ची स्क्रीन असते. तुमच्यासाठी ती नकोच. उभ्या दिशेने ७६८ ठिपके असले की एक्सेलच्या ओळी कमी मावतात आणि दिवसभर वर-खाली सरकवत बसावं लागतं. १९२० बाय १०८०च हवी. पुढचा प्रश्न पॅनेलचा. टीएन प्रकारचं असेल तर स्क्रीन जरा मागे कलली की रंग उलटेपालटे दिसतात, आयपीएसला ते होत नाही. कागद वाचायची गरज नाही. एक पांढरं पान उघडा, स्क्रीन पुढेमागे कलवा, बाजूला सरकून बघा. पान करडं-निळं पडलं तर टीएन. उजेडाचा आकडा या वर्गात बहुधा २५० निट्स असतो. घरात, खिडकीकडे पाठ न करता बसलात तर ठीक, गच्चीत बसून काम करायचा विचार सोडा. रंगांसाठी ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसणार हे धरून चाला. हिशेबाला फिके रंग चालतात. मुलगी चित्रं, डिझाइन, फोटो असं काही शिकत असेल तर तिला ते खुपेल, तेव्हा तिलाही दुकानात न्या.

बिजागऱ्यांचं दुखणं लगेच दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी उघडताना एका कोपऱ्यात कट्ट आवाज येतो, कडेला फट दिसते आणि मग एक दिवस झाकण हातात येतं. होतं असं की बिजागरी धातूची आणि दणकट असते, पण तिचे स्क्रू ज्यात बसतात त्या पितळी चकत्या प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या असतात. बिजागरी घट्ट, प्लॅस्टिक कमजोर, त्यात आपण झाकण एका कोपऱ्याला धरून उचलतो. सगळा पीळ त्या एका चकतीवर. झाकण मधोमध धरून उघडायची सवय लावा, मुलीलाही लावा. दुकानात कोपऱ्याला धरून बघा, खालचा भाग फार लवलवत असेल तर तो लॅपटॉप सोडा. कीबोर्डच्या मधोमध बोट दाबून पाहा. थोडा दबणारच, पण गादीसारखा खाली जायला नको. आणि आकड्यांची वेगळी कळपट्टी आहे ना, ते बघायला विसरू नका. १५.६ इंचीत ती सहसा असते, १४ इंचीत नसते. हिशेब लिहिणाऱ्याला तिच्याशिवाय वनवास.

बॅटरीच्या बाबतीत ‘१० तास’ वगैरे छापलेलं सोडून द्या. डब्यावर किंवा कंपनीच्या साइटवर वॉट-अवर हा आकडा असतो, तो बघा. समजा ४२ वॉट-अवर आहे आणि तुमचं काम सरासरी ७ वॉट खातं, तर सहा तास. व्हिडिओ कॉल लागला की खप वाढतो आणि तास निम्म्यावर येऊ शकतात. घरीच बसून काम करणार असाल तर बॅटरीपायी एवढं अडायला नको. उलट कायम चार्जरला लावून ठेवणार असाल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये असते, ती सुरू करा. बॅटरी जास्त वर्षं जगते. टाइप-सीचं भोक दिसलं म्हणून त्यातून चार्जिंग होईलच असंही समजू नका. काही स्वस्त मॉडेलांत ते फक्त डेटासाठी असतं आणि चार्जरची पिन वेगळी गोल असते.

कॅमेरा बहुतेक ७२०पीचा, म्हणजे जेमतेम. आवाजही किरकिरा. दोन्हींवर हेडफोन आणि समोरून येणारा उजेड एवढा उपाय पुरतो.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की भाचा म्हणतो तेच खरं, डबडंच घ्यायचं आहे. तसं मुळीच नाही. एका गोष्टीने स्वस्त लॅपटॉपचं नशीब पालटलं, ती म्हणजे एसएसडी. तुमचा जुना लॅपटॉप हार्ड डिस्कवाला असावा. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडे धावणारी सुई. विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे असले की ती सेकंदाला शंभरेक वाचून दमायची. एसएसडीला सुईच नाही, ती हजारोंनी वाचते. त्यामुळे आजचा बेताचा लॅपटॉप चालू व्हायला आणि एक्सेल उघडायला जेवढा वेळ घेतो, तेवढ्याला काही वर्षांपूर्वी महागडा लॅपटॉप लागायचा. हे प्रोसेसर वीजही कमी खातात, म्हणून लॅपटॉप मांडीवर फारसा तापत नाही, पंख्याचा आवाजही कमी. आणि पडला, काही सांडलं, तर जीव तेवढा तळमळत नाही. ही शेवटची सोय मी तरी लहान मानत नाही.

‘वर्षभर थांब’च्या ऐवजी भाच्याने ‘जुना घे’ म्हटलं असतं तर मी त्याला जास्त गुण दिले असते. कार्यालयांमधून तीन-चार वर्षांनी बाहेर पडलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे लॅपटॉप दुरुस्त करून विकले जातात. त्यांचे कीबोर्ड आणि बिजागऱ्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा सरस असतात आणि बऱ्याच मॉडेलांत रॅमही वाढवता येते. पण बॅटरी थकलेली असते, वॉरंटी तोकडी असते आणि विकणारा माहितीतला लागतो. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका. विंडोज ११च्या यादीत त्याआधीचे जवळपास कुठलेच बसत नाहीत, आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुमच्या एका लॅपटॉपवर तीन-चार जणांचे हिशेब अवलंबून आहेत आणि घाईही आहे. म्हणून तुमच्यासाठी मी वॉरंटीतला नवाच सुचवीन. मुलीसाठी पुढे वेगळा घ्यायची वेळ आली तर हा रस्ता धरा.

तोवर दोघींचा एकच लॅपटॉप, तर विंडोजमध्ये दोघींची खाती वेगळी करा. तिने तुमच्या खात्यात शिरून काही डाउनलोड करण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र संध्याकाळी तिला देताना नुसतं ‘यूजर बदला’ करू नका, ‘साइन आउट’ करा. नाहीतर तुमचे उघडे प्रोग्राम मागे मेमरी अडवून बसतात आणि ती म्हणते लॅपटॉप स्लो आहे. ८ जीबीत हा फरक चांगलाच जाणवतो. हिशेबाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर दर आठवड्याला काढा. जुना बसला तेव्हा काय काय गेलं ते तुम्ही पत्रात लिहिलं नाही, त्यावरून मी अंदाज बांधला आहे.

आणल्या दिवशी लॅपटॉप संथ वाटला तर घाबरू नका. मागे अपडेट उतरत असतात, फाइलींची यादी बनत असते. एक-दोन दिवस चार्जरला लावून ते उरकू द्या. आधीच भरून दिलेला चाचणीपुरता अँटीव्हायरस काढून टाका. महिन्याभराने तो पैसे मागू लागतो आणि तोवर लॅपटॉपचा वेग खातो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तुम्हाला पुरेसा आहे.

आणि भाच्याला एक काम द्या. दुकानात पैसे देण्याआधी, ठेवलेल्या नमुन्यावर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधल्या मेमरीच्या पानावर जायचं. तिथे ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम डकवलेली. ‘एसओडीआयएमएम’ दिसलं तर स्लॉटमधली, आणि ‘स्लॉट्स यूज्ड’समोर दोनपैकी एक असं असेल तर ८ जीबीवरच घेऊन या, दुसरी पट्टी वर्षभराने घालू. डकवलेलीच निघाली तर १६ जीबीवाला मागा.